आडरान, ऊस आणि प्रेक्षक : ‘लपाछपी’ या भयपटाविषयीच्या मतांतराचा विचार

प्रास्ताविक

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच दिग्दर्शकाने केलेले त्याचे ‘छोरी’ हे हिंदी रूपांतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. मराठी भयपटास असे उत्तरायुष्य क्वचितच लाभते. परिणामी, आज आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी ‘छोरी’ आधी आणि ‘लपाछपी’ नंतर पाहिलेला असतो, आणि मूळ कृती मराठी आहे हे समजल्यावर त्यांना काहीसे आश्चर्यच वाटते.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाबरोबरच त्याविषयी प्रेक्षकांनी व्यक्त केलेल्या मतांचा विचार करावयाचा आहे. ही मते नाशिकमध्ये, वर्गातील चर्चेत, वर्गाबाहेरच्या गप्पांत आणि प्राध्यापक-कक्षात ऐकलेली आहेत. त्यांना सर्वेक्षणाचे स्वरूप नाही. कोणत्याही विषयावर प्रश्नावली वाटून येणाऱ्या टक्केवारीस संशोधन म्हणण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे, तिला येथे जाणीवपूर्वक रजा दिली आहे. ‘चित्रपट आवडला काय?’ या प्रश्नाच्या उत्तरातून फारसे काही हाती लागत नाही. ‘कशाची भीती वाटली?’ या प्रश्नाच्या उत्तरात मात्र प्रेक्षक कोठून आला आहे, हे कळत जाते. नाशिकसारख्या शहरात, जेथे एकाच बाकावर गंगापूर रोडवरील सदनिकेतला आणि निफाड तालुक्यातील मळ्यातला असे दोन विद्यार्थी शेजारी बसतात, ही उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, आणि हे न जुळणेच लेखाचे निमित्त आहे.

कथानक थोडक्यात असे. तुषार (विक्रम गायकवाड) हा शहरातील तरुण कर्जाच्या तगाद्यातून जीव वाचविण्यासाठी आपल्या आठ महिन्यांच्या गरोदर पत्नीस, नेहास (पूजा सावंत), घेऊन चालक भाऊराव (अनिल गवस) याच्या गावी आश्रयास जातो. घर उसाच्या अफाट शेताच्या मधोमध आहे. भाऊरावची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची काळजी घेते, आणि त्या काळजीतच हळूहळू काहीतरी चुकते आहे असे जाणवू लागते. शेतात मुले खेळताना दिसतात, पण ती कोणाची हे कोणी सांगत नाही. या घराच्या भूतकाळाशी मुलगी नको असण्याचा इतिहास जोडलेला आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी याहून अधिक उघड करणे योग्य होणार नाही.

आडरानाचा भयपट : एक परका साचा

‘लपाछपी’ ही आत्म्याची कथा असली तरी तिचा सांगाडा अमेरिकन चित्रपटांत रुळलेल्या ‘बॅकवुड्स स्लॅशर’ या प्रकाराचा आहे. मराठीत त्यास ‘आडरानातील हत्यापट’ म्हणता येईल. शहरातील माणसे आडवाटेला लागतात, वाहन किंवा संपर्क तुटतो, तेथील एक कुटुंब त्यांना आसरा देते अथवा वेढते, आणि शेवटी बहुधा एकच स्त्री स्वतःच्या बळावर उरते. १९७४ चा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’, १९७७ चा ‘द हिल्स हॅव आइज’ आणि २००३ चा ‘राँग टर्न’ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. यांपैकी ‘राँग टर्न’ आमच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचित आहे. ‘लपाछपी म्हणजे उसातला राँग टर्न’ हे मत मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कोणा एकाचे राहिलेले नाही.

या तुलनेत तथ्य आहे, परंतु ती पुढे नेली पाहिजे. केरोल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९९२ च्या ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ या ग्रंथात दाखवून दिले की, या चित्रपटांतील शहरी माणसाच्या भीतीमागे अपराधभाव दडलेला असतो. शहराने खेड्याचे पाणी, लाकूड, श्रम घेतले आहेत; त्याची वसुली होईल या धास्तीतून खेडूत राक्षस जन्माला येतो. १९७२ च्या ‘डिलिव्हरन्स’मध्ये चार शहरी मित्र ज्या नदीत नावा घालतात, ती नदी लवकरच धरणाखाली जाणार असते. ‘टेक्सास चेन सॉ’मधील कुटुंब कत्तलखान्याच्या कामावर जगलेले आहे आणि ते काम नव्या पद्धतीने हिरावून घेतले आहे. म्हणजे राक्षसाच्या मागे निदान एक अर्थकारण उभे असते. (जाता जाता एक नोंद : ‘राँग टर्न’चे कथानक वेस्ट व्हर्जिनियात घडते, पण चित्रीकरण झाले कॅनडातील ओंटारियोत. ज्या डोंगराळ गरिबांना नरभक्षक ठरविले, त्यांचे रानसुद्धा त्यांचे नव्हते.)

नाशिककरास हा अपराधभाव समजावयास हवा. इगतपुरी तालुक्यातील अप्पर वैतरणेचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत. ‘डिलिव्हरन्स’च्या तोडीची मराठी भयकथा लिहावयाची तर तिची भूमी तेथे आहे. ‘लपाछपी’ने मात्र ती निवडली नाही, त्याने ऊस निवडला. आणि ऊस हे आडरान आहे काय, हा प्रश्न प्रथम उपस्थित केला तो प्रेक्षकांनीच.

उसाची भीती कोणाला?

शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट वारंवार आली : या चित्रपटात सर्वांत भयंकर काय, तर तो ऊस. उंच, एकसारखा, दिशा न दाखवणारा. वाऱ्यावर त्याची पाती एकमेकांवर घासतात तो आवाज. छायाचित्रणाने हे साधले आहे यात शंका नाही. भयपटाला लागणारा बंदिस्तपणा येथे भिंतींविना, भर दिवसा, हिरव्या रंगात उभा केला आहे. मराठीत नारायण धारपांच्या कथांनी पडका वाडा आणि रत्नाकर मतकरींच्या कथांनी मध्यमवर्गीय घर भयासाठी वापरले. उभे पीक वापरणे ही ‘लपाछपी’ची खरी कमाई आहे आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल.

मळ्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमका हाच भाग पटला नाही. गोदाकाठी आणि कादवेच्या काठी ज्यांची शेती आहे त्यांना ऊस म्हणजे काय? पाटपाणी, सोसायटीचे कर्ज, कारखान्याची नोंद, तोडीची वाट. ऊस म्हणजे बागायत. ज्याच्या शेतात ऊस तो गावात वजन असलेला माणूस. असा माणूस रस्ता नसलेल्या, माणूस न फिरकणाऱ्या जागी एकटा राहत नाही. त्याच्या बांधापर्यंत ट्रॅक्टर येतो, कारण ट्रॅक्टर न आल्यास ऊस जागेवर वाळतो. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे होते की, एवढा ऊस असलेला भाऊराव दुसऱ्याची गाडी चालवील कशाला? हा आक्षेप वरवर विनोदी वाटला तरी तो चित्रपटाच्या मर्मावर आहे. अमेरिकन साच्यातील आडरान दरिद्री असते आणि त्याचे दारिद्र्य हेच त्याच्या हिंसेचे स्पष्टीकरण असते. महाराष्ट्रातील ऊस हे सत्तेचे पीक आहे. साचा तसाच ठेवून झाडी बदलली की अर्थ बदलतो, याची जाणीव पटकथेला नाही.

याचा अर्थ मळ्यातील माणसाला उसाची भीती वाटत नाही असे नव्हे. त्याची भीती वेगळी आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर आहे, उसातच मादी पिले घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिले मजुरांना सापडतात, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, शेतीने व्यापलेल्या त्या दाट वस्तीच्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. रात्रपाळीची वीज आली की दारे धरावयास जाणारा शेतकरी हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जातो. अशा घरातील मुलगा चित्रपटगृहात नेहाला रात्री उसात शिरताना पाहतो तेव्हा त्याच्या मनात आत्म्याआधी बिबट्या येतो. एक मुलगी म्हणाली की, तिच्या आईने तो प्रसंग पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘बॅटरी कुठाय हिची?’

वडीलधाऱ्या स्त्रियांच्या प्रतिक्रियांत आणखी एक प्रश्न होता, आणि मला तो साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो : हिला माहेर नाही काय? आठव्या महिन्यातील स्त्री, तीही पहिलटकरीण, कोणा चालकाच्या गावी का जाते? चित्रपटाने दिलेल्या कारणांनी त्यांचे समाधान झालेले नव्हते. आडरानाच्या भयपटात नायिकेचा आधार तोडणे ही रचनेची गरज असते. अमेरिकन चित्रपटात त्यासाठी दूरध्वनीची तार तुटते, मोटारीचे टायर फुटतात. आपल्याकडे मोबाइलची रेंज जाणे पुरेसे नाही. येथे त्याआधी माहेर तोडावे लागते. ‘लपाछपी’ ज्या दहशतीवर उभा आहे ती उसाची नसून सासरच्या माणसांत बाळंतपणास अडकलेल्या बाईची आहे, हे या प्रश्नकर्त्या स्त्रियांना समीक्षकांच्या आधी कळले होते असे म्हणावे लागते.

उषा नाईक यांच्या तुळसाबाईविषयी मात्र मतभेद जवळजवळ नव्हता. २०१४ च्या ‘एक हजाराची नोट’मध्ये त्यांनी उभी केलेली दरिद्री, एकाकी, निष्पाप बुढी ज्यांनी पाहिली होती, त्यांना तर ही भूमिका अधिकच बोचली. तोच चेहरा, तीच मायेने बोलण्याची लकब. पण येथे माया हाच सापळा आहे. ती ओरडत नाही, धावत नाही. जेवण वाढता वाढता ती नेहाच्या पोटाकडे पाहते आणि प्रेक्षक सावरून बसतो.

गुन्ह्याची जागा

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. चित्रपटाचा सर्वाधिक गौरव झाला तो ‘सामाजिक संदेश देणारा भयपट’ म्हणून. प्राध्यापक-कक्षातही हेच मत प्रबळ होते : निव्वळ भुताटकी नाही, स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध प्रबोधन आहे. काहींनी जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात (२०१३) आत्म्याचा आधार घेऊन प्रबोधन कसले, अशी शंका काढली. तिच्यात मी फार काळ थांबणार नाही. आत्मा हा येथे साक्षीदार आहे आणि जेथे जिवंत साक्षीदार मिळत नाही तेथे कथेने मृतास बोलते करणे ही जुनी रीत आहे. माझा प्रश्न निराळा आहे. संदेश कोणाला दिला जातो, आणि गुन्हा कोठे घडताना दाखवला जातो?

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती अशी. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात याच काळात ती ८९४ वरून ८०७ वर आली. २००१ च्या जनगणनेत राज्याच्या शहरी भागाचे हे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा कमी होते. २०११ मध्ये ग्रामीण भाग शहरी भागाच्याही खाली गेला. याचा अर्थ, मुलगी नको ही वृत्ती जुनी असली तरी मुलींची ही नवी घट शहरातून, सोनोग्राफीच्या यंत्राबरोबर, गावाकडे गेली. गर्भलिंगनिदानावर देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. हे सर्व कायदे दवाखान्यास, यंत्रास व पदवीधर माणसास उद्देशून आहेत. आडरानातील म्हातारीसाठी ते केलेले नाहीत.

‘लपाछपी’ प्रदर्शित होण्याच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हैसाळ हेही उसाच्या पट्ट्यातील गाव आहे. पण तेथे गुन्हा घडला तो शेतात नव्हे, रुग्णालयात. आणि तेथे जाण्यास वाट चुकावी लागत नव्हती. एस.टी. जात होती. लोक पैसे मोजून, ओळखीने, दिवस ठरवून जात होते.

तुळसाबाईच्या घरात सोनोग्राफीचे यंत्र नाही. तेथे शाप आहे, जुनी रीत आहे, आणि ती पुढे चालविणारी एक म्हातारी आहे. जो गुन्हा रस्त्यालगतच्या, फलक लावलेल्या, वातानुकूलित खोलीत घडतो, तो चित्रपटाने रस्ता नसलेल्या ठिकाणी नेऊन ठेवला. त्यामुळे शहरातील सुशिक्षित प्रेक्षक चित्रपटगृहातून हळहळत बाहेर पडतो, परंतु अस्वस्थ होऊन नव्हे. ‘अजूनही खेड्यांत असे चालते’ हे वाक्य मी या चित्रपटाविषयी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा ‘आपल्या ओळखीत असे घडले आहे’ हे ऐकले नाही. क्लोव्हर ज्या अपराधभावाविषयी लिहितात तो निदान दडपलेल्या रूपात तरी अमेरिकन चित्रपटात असतो. येथे तो निघूनच गेला आहे; कर्जबाजारी तुषारच्या वैयक्तिक दुबळेपणापलीकडे शहर काहीही देणे लागत नाही.

२०१५ च्या ‘एनएच १०’ या हिंदी चित्रपटातही असेच घडते. तेथे गुडगावच्या सीमेपलीकडे कायदा संपतो आणि हिंसेच्या केंद्रस्थानी अखेर एक वयस्क स्त्री, गावची सरपंच, सापडते. पुरुषसत्तेचा चेहरा म्हणून म्हातारी बाई उभी करणे दिग्दर्शकांना सोयीचे का वाटते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सासवा हे करतातच, असे त्यावर आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने म्हटले, आणि ते खोटे नाही. परंतु सात-बारा कोणाच्या नावावर असतो आणि वंशाचा दिवा कोणाच्या नावाने लावावयाचा असतो, हे विचारल्यावाचून तुळसाबाईवर खटला पुरा होत नाही.

येथवर माझे मत ग्रामीण विद्यार्थ्यांच्या बाजूने झुकलेले दिसेल. परंतु त्यांच्यातीलच एका विद्यार्थिनीने ते डळमळीत केले. मुलांनी ‘गावाची बदनामी’ हा शब्द वापरताच ती म्हणाली की, गावाची बाजू गावातल्या मुलांनीच घ्यावी, मुलींना ती घेता येणार नाही. तिच्या नात्यात तीन मुलींवरच्या चौथीचे नाव ‘नकोशी’ ठेवले होते. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा ‘नकुशी’ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली होती, ही बातमी तिला ठाऊक नव्हती; तिला स्वतःचे घर ठाऊक होते. चित्रपटात गुन्ह्याची जागा चुकली असेल, पण भीतीची चुकलेली नाही, असे तिच्या म्हणण्याचे सार होते. त्यावर माझ्यापाशी पूर्ण उत्तर नव्हते, आणि आजही नाही. भयपट हा गुन्ह्याचा पंचनामा नसतो, तो भोगणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला असतो, हे तत्त्व वर्गात शिकवणारा मीच होतो.

फडात नसलेली माणसे

एका बाबतीत मात्र चित्रपटास सूट देता येत नाही. एवढ्या उसात ऊस तोडणारे कोणी नाही. कोयता हे हत्यापटास शोभणारे हत्यार खरे. पण आपल्याकडे ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ नवरा-बायकोची जोडी असाही होतो. मुकादम उचल देतो ती एका कोयत्यास, म्हणजे दोन माणसांस. बीड, पाथर्डी, चाळीसगाव, नांदगाव या भागांतून दिवाळीच्या सुमारास या टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने फडाजवळ पालात राहतात. त्यांत गरोदर स्त्रिया असतात. एक खाडा पडला तर मजुरी बुडतेच, वर दंड बसतो. म्हणून दिवस भरत आले तरी मोळी डोक्यावर चढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर सुमारे ८२ हजार स्त्रियांची जी माहिती आली, तीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते.

तुषार देणेकऱ्यांपासून लपण्यासाठी उसात येतो. ही माणसे देणे फेडण्यासाठी उसात येतात. चित्रपटाने एक गरोदर स्त्री मोटारीत घालून शहरातून या शेतात आणली आणि तिच्यासाठी भय निर्माण केले. त्याच शेतात आधीपासून असलेल्या गरोदर स्त्रीस कथेत स्थान नाही.

चर्चेच्या अखेरच्या तासाला निफाडकडच्या एका विद्यार्थ्याने सांगितले की, तोड सुरू झाली की बिबट्या उरलेल्या उसात सरकत जातो आणि शेवटच्या चार सऱ्या राहतात तेव्हा सगळे मजूर हातातले काम थांबवून बाजूला होतात. मुकादम सोडून कोणी काही बोलत नाही. मग कोणीतरी फटाका लावतो. त्याने हे सांगितले तेव्हा वर्ग पूर्ण शांत होता. ‘लपाछपी’ तीनदा पाहिलेली शहरातली मुलेही त्याच्याकडे वळून बसली होती, आणि पुढे काय झाले असे त्याला विचारत होती.